आधी इंजेक्शन की थेट अँजिओप्लास्टी?

चिंचेचा_कोळ (धागाकर्ती)

नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवरच पडीक असते, त्यामुळे विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

मागच्या आठवड्यात बाबांना (वय ६८) हार्ट अटॅक आला. बाबा, दादा आणि वहिनी देवगड तालुक्यात असतात, मी पुण्यात. रात्री दीडच्या सुमारास छाती भरून आली, घाम फुटला. बाबांचं ठरलेलं, "माका काय्येक झाला नाय, गॅस धरलोहा." ओवा झाला, लिंबू-सोडा झाला, वहिनीने पाठीला बाम चोळला. शेवटी साडेतीनला दादाने त्यांचं काही न ऐकता शेजाऱ्यांच्या गाडीत घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. ईसीजी निघाला, त्याचा फोटो कुठेतरी पाठवला, उत्तर आलं. डॉक्टर म्हणाले, मोठा अटॅक आहे, रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन आत्ता देतो, मग कोल्हापूरला हलवा.

ते इंजेक्शन वजनावर असतं म्हणे. सिस्टरने वजन विचारलं. दादा म्हणाला सत्तर. बाबा स्ट्रेचरवर आडवे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, तो हाताने बाजूला करून म्हणाले, "बासष्ट! गेल्या म्हयन्यात भाताच्या काट्यार बघलंय." तिथेही दोघांची हुज्जत.

पुढे १०८ मधून फोंडा घाट चढून कोल्हापूर. संध्याकाळी अँजिओग्राफी आणि एक स्टेंट. बाबा आता बरे आहेत.

घोळ पुढे झाला. पुण्याचा आतेभाऊ भेटायला आला आणि वॉर्डातच सुरू झाला: "ही वीस वर्षांपूर्वीची ट्रीटमेंट. पुण्यात कुणी देत नाही. थेट अँजिओप्लास्टीला न्यायचं सोडून तिथे वेळ कशाला काढला? शेवटी स्टेंट घातलाच ना?" तेव्हापासून दादा गप्प आहे. जेवायला बसतो आणि अर्ध्यावर उठतो.

तर प्रश्न असा की दादाचं खरंच चुकलं का?

---

खारी_बुडवून

वाचतेय. बाबांना आराम पडो. आतेभाऊ प्रत्येक घरात एक असतोच.

---

फिरता_दवाखाना

मी तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. हृदयरोगतज्ज्ञ नाही, पण ही इंजेक्शनं माझ्या हातून नेहमी जातात.

तुमच्या आतेभावाचं अर्धं बरोबर आहे. दोन्ही उपचार एकाच दारात, एकाच वेळी मिळत असतील तर अँजिओप्लास्टीच (हृदयाच्या बंद रक्तवाहिनीत, म्हणजे नळीत, तार घालून ती फुग्याने उघडणं) सरस. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये २३ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, ७,७३९ रुग्णांचा. पहिल्या काही आठवड्यांतले मृत्यू इंजेक्शनच्या गटात ९ टक्के, अँजिओप्लास्टीच्या गटात ७. पुन्हा अटॅक येण्याचं प्रमाण ७ आणि ३. स्ट्रोक २ आणि १. म्हणून पुण्या-मुंबईत सरळ कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) नेतात आणि ते योग्यच आहे.

उरलेलं अर्धं घड्याळाचं. ईसीजीवर निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत तार त्या बंद नळीतून पार होणार असेल तर अँजिओप्लास्टीसाठी न्यावं. होणार नसेल तर इंजेक्शन, आणि तेही निदानानंतर दहा मिनिटांत सुरू व्हावं, अशी युरोपातली मार्गदर्शक तत्त्वं आहेत. देवगडहून कोल्हापूरला रात्रीचे साडेतीन तास धरा. वर तिथे भरती, टीम गोळा होणं, टेबलवर घेणं. म्हणजे साडेचार-पाच तास नळी बंद. तेवढ्या वेळात तिच्या पलीकडचा हृदयाचा स्नायू मरत राहतो आणि मेलेला स्नायू कुठलाही स्टेंट परत आणत नाही.

ताजी गाठ मऊ असते, इंजेक्शनला लवकर दाद देते. जसे तास जातात तसे तिच्यातले फायब्रिनचे धागे घट्ट होत जातात. म्हणून बारा तासांपर्यंत देता येत असलं तरी खरी मजा पहिल्या दोन-तीन तासांत. तुमचे बाबा दीडला दुखायला लागून साडेतीनला निघाले. दादाने योग्य तेच केलं, त्यांना जेवायला सांगा.

---

आगाऊ_कार्टं

डॉक्टर "खरी मजा" म्हणाले तिथे मी थोडा दचकलो.

---

फिरता_दवाखाना

@आगाऊ_कार्टं, पंचवीस वर्षं झाली या धंद्यात. भाषा बिघडते.

---

तळटीप_बहाद्दर

डॉक्टरसाहेबांचा आदर राखून एक शंका. डेन्मार्कमध्ये एक मोठी चाचणी झाली होती, तीही २००३ मधलीच. लहान दवाखान्यात आलेल्या रुग्णांना तिथेच इंजेक्शन द्यायचं की ॲम्ब्युलन्समधून मोठ्या केंद्रात हलवून अँजिओप्लास्टी करायची, अशी तुलना. मृत्यू, पुन्हा अटॅक, स्ट्रोक मिळून इंजेक्शनवाल्यांत १४.२ टक्के, हलवलेल्यांत ८.५. म्हणजे प्रवास करूनही अँजिओप्लास्टीच जिंकली. मग?

---

तांबडा_पांढरा

त्याच चाचणीत पुढे हेही आहे की हलवलेल्यांपैकी ९६ टक्के दोन तासांच्या आत पोचले होते. आणि डेन्मार्कमधला सगळ्यात उंच डोंगर १७१ मीटरचा आहे हो. त्यांना म्हणावं, फोंडा घाट पावसाळ्यात, समोरून उसाचा ट्रॅक्टर नसला तरी, एकदा चढून दाखवा.

---

तळटीप_बहाद्दर

मान्य. पावसाळ्यात ऊस नसतो, एवढंच नोंदवतो.

---

सडेतोड_साने

सगळे आकडे टाकतायत म्हणून एक कडू गोष्ट बोलतो. स्टेंट हा धंदा आहे. २०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने किमतीला टोपण घातलं तेव्हा साधा स्टेंट ७,२६० आणि औषधवाला २९,६०० वर आला. त्याआधी काय लावत होते ते ज्यांनी भरलंय त्यांना विचारा. परदेशातल्या मोठमोठ्या चाचण्यांतही स्टेंट घालून आयुष्य वाढत नाही असंच निघालं. मग इंजेक्शनने नळी उघडली होती तर कोल्हापूरवाल्यांनी स्टेंट कशाला घातला?

---

फिरता_दवाखाना

साने काका, दोन वेगळ्या आजारांची मोट बांधलीत. तुम्ही म्हणताय त्या चाचण्या, २००७ ची 'करेज' आणि २०२० ची 'इस्किमिया', स्थिर रुग्णांच्या. म्हणजे जिना चढताना छातीत दुखतं, बसलं की थांबतं, असे. तिथे गोळ्या नीट घेतल्या तर स्टेंटने आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही हे खरं, आणि तिथे स्टेंटचा अतिरेक झाला हेही खरं. पण अटॅकमध्ये गाठ बसून नळी अचानक बंद झालेली असते. ती उघडण्याने जीव वाचतो, त्याबद्दल वाद नाही.

आता कोल्हापूरच्या स्टेंटबद्दल. इंजेक्शन गाठ विरघळवतं, पण जिथे ती बसली तो फुटलेला चरबीचा थर तिथेच असतो. ती जागा पुन्हा बंद पडू शकते. म्हणून इंजेक्शन लागू पडलं तरी पुढच्या २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करून घ्यावी असा संकेत आहे. बाबांचं संध्याकाळी झालं, म्हणजे वेळेत.

आणि लागू पडलं नाही तर तेवढीही वाट बघायची नसते. तासा-दीड तासाने दुसरा ईसीजी काढतात. वर गेलेली रेघ निम्म्याहून जास्त खाली आली नसेल तर तातडीने कॅथलॅब. २०१३ च्या 'स्ट्रीम' चाचणीत १,८९२ रुग्ण होते, सगळे तीन तासांच्या आत आलेले आणि तासाभरात अँजिओप्लास्टी न मिळणारे. आधी इंजेक्शन दिलेले आणि थेट अँजिओप्लास्टीला नेलेले, दोन्ही गटांचा निकाल जवळपास सारखा आला: मृत्यू, शॉक, हार्ट फेल्युअर, पुन्हा अटॅक मिळून १२.४ आणि १४.३ टक्के. पण इंजेक्शनवाल्यांपैकी ३६ टक्क्यांना तातडीची अँजिओप्लास्टी लागलीच. म्हणून इंजेक्शन देऊन "उद्या बघू" म्हणत तालुक्यातच ठेवणं चूक.

---

सडेतोड_साने

स्थिर आणि अटॅक हा फरक लक्षात आला. धंदा आहे हे मात्र मागे घेत नाही.

---

फिरता_दवाखाना

घेऊ नका.

---

शेवंती७२

मी इथे फार लिहीत नाही. माझ्या काकांना हेच इंजेक्शन दिलं होतं, आठ वर्षांपूर्वी. वय ७९, बीपी कायम चढलेलं. छातीतलं दुखणं तासात थांबलं, आम्ही पेढे आणायच्या गोष्टी करत होतो. पहाटे ते काकूला तिच्या नावाऐवजी आत्याच्या नावाने हाक मारायला लागले. मग उजवा हात पडला. मेंदूत रक्तस्राव. चार दिवसांनी गेले. त्यामुळे सगळे इंजेक्शनचं कौतुक करतात तेव्हा मला नुसतं वाचत बसवत नाही.

---

फिरता_दवाखाना

शेवंतीताई, बरं झालं लिहिलंत. या उपचाराची ही खरी किंमत आहे आणि ती सांगितल्याशिवाय इंजेक्शन देऊ नये. मी वर सांगितलेल्या 'स्ट्रीम' चाचणीत मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात १ टक्का होतं, अँजिओप्लास्टीच्या गटात ०.२. वय झालेल्यांत धोका जास्त दिसला म्हणून ती चालू असतानाच ७५ आणि त्यापुढच्यांचा डोस निम्मा केला. मी आजही तसंच देतो. पूर्वी कधीही मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर मुळीच देत नाहीत. सहा महिन्यांतला स्ट्रोक, नुकतंच मोठं ऑपरेशन, पोटातून रक्त जाणं, खूप चढलेलं बीपी, हे सगळं आधी विचारावं लागतं. काकांच्या बाबतीत काय झालं ते इथून मी सांगू शकत नाही, सांगूही नये.

---

शेवंती७२

धन्यवाद. कुणी एवढं सांगितलंच नव्हतं.

---

निवृत्त_सिस्टर

मी १९८९ ते २०१६ आयसीयूत होते, तेव्हाची गोष्ट सांगते. आमच्या वेळी स्ट्रेप्टोकायनेज. आम्ही एसके म्हणायचो. पंधरा लाख युनिट सलाईनमधून तासाभरात. अर्ध्या वाटेत बीपी धाडकन खाली यायचं, मग थेंब कमी करा, पाय वर उचला, पुन्हा चालू करा. कुणाला थंडी वाजून यायची, कुणाच्या अंगावर गांधी उठायच्या. ते जंतूपासूनच काढलेलं ना, शरीर त्याला ओळखून ठेवतं. म्हणून एकदा दिलं की पुन्हा द्यायचं नाही. डिस्चार्जच्या कागदावर मी लाल पेनने लिहायची, "एसके दिले आहे", तारीख घालून, आणि नातेवाइकांना सांगायची की हा कागद रेशनकार्डासोबत ठेवा.

आत्ताचं टेनेक्टेप्लेज म्हणजे सुखच. एका सिरिंजमध्ये, पाच-दहा सेकंदांत एकदाच. आपल्या पुण्यातली जेनोव्हा कंपनीही ते बनवते. वजन विचारतात कारण डोस दर दहा किलोला बदलतो: साठच्या खाली ३० मिलिग्रॅम, साठ ते सत्तरच्या आत ३५, पुढे ४०, असा. बाबांनी मास्क काढून भांडण केलं ते उगाच नव्हे हो!

आणि नळी उघडली की मॉनिटरवर कळायचं. दहा-पंधरा मिनिटं ठोके विचित्रच पडायचे, रुंद रुंद, सावकाश. नवीन मुली घाबरून डॉक्टरांना बोलवायला धावायच्या. मी म्हणायची, थांबा, पेशंटकडे बघा आधी. तो म्हणायचा, "सिस्टर, बरं वाटतंय."

---

खारी_बुडवून

सिस्टर, तुम्ही वेगळा धागा काढा. हा प्रतिसाद मी तीनदा वाचला.

---

घारापुरी_ते_लेस्टर

इंग्लंडमधून. मी इथे २००५ ला आले तेव्हा ॲम्ब्युलन्सवाले पॅरामेडिक घरातच ईसीजी काढून इंजेक्शन द्यायचे. आमच्या शेजारच्या आजोबांना त्यांच्याच सोफ्यावर दिलेलं मी पाहिलंय. २००८ च्या राष्ट्रीय अहवालानंतर हळूहळू सगळीकडे थेट अँजिओप्लास्टी आली. मोजमाप मात्र फोन केल्या क्षणापासून करतात: फोन ते नळी उघडणं, १५० मिनिटांत. हॉस्पिटलच्या दारापासून मोजलं की आकडे छान दिसतात, पेशंटचे तास तर घरापासूनच जातात. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात मात्र अजून इंजेक्शन देतात. जुनाट म्हणून नव्हे, लांब म्हणून.

---

पिंपरीचा_पोपट

थेट अँजिओप्लास्टीची शहरी बाजू माझ्याकडून. सासऱ्यांना दुखायला लागल्यापासून पंचवीस मिनिटांत एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात होतो. ईसीजी लगेच. पुढे? डिपॉझिट. माझ्या कार्डची मर्यादा कमी. विम्याचा माणूस सकाळी नऊला येणार. मेहुणा दुसऱ्या टोकाकडून कार्ड घेऊन निघाला. मग कळलं की डॉक्टर घरून येतायत, टेक्निशियनला फोन लावलाय. कॅथलॅब आमच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर होती, सासरे खाली कॉटवर घामाने भिजलेले, आणि मध्ये दोन तास पन्नास मिनिटं गेली. नंतर "यशस्वी अँजिओप्लास्टी" असा कागद मिळाला. हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलं ते आलंच.

तर ताई, तुमच्या दादाचं इंजेक्शन आमच्या दुसऱ्या मजल्याच्या आधी पोचलं.

---

आगाऊ_कार्टं

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं की अटॅक आला की जोरजोरात खोकायचं, मग काही करावं लागत नाही. फॉरवर्ड करणारे काका स्वतः साध्या पडशाने आठवडाभर ॲडमिट होते.

---

फिरता_दवाखाना

खोकून बंद नळी उघडत नाही. खोकण्यात गेलेला वेळ मात्र जातो.

---

दमयंती_डोंबिवली

मग घरी करायचं काय? आम्ही सॉर्बिट्रेटची गोळी पाकिटात ठेवतो. ती जिभेखाली ठेवली की झालं ना?

---

फिरता_दवाखाना

नाही. सॉर्बिट्रेटने गाठ जात नाही, आणि बीपी आधीच पडलेलं असेल तर ती गोळी माणसाला आडवं करते. आधी १०८ ला फोन. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० मिलिग्रॅमची साधी ॲस्पिरिन चावून, पण फोनवर डॉक्टरांना विचारून. ॲस्पिरिनला कमी लेखू नका. १९८८ ला प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सतरा हजारांहून जास्त रुग्ण होते. त्यात नुसत्या ॲस्पिरिनने मृत्यू २३ टक्क्यांनी कमी झाले, स्ट्रेप्टोकायनेजने २५ आणि दोन्ही मिळून ४२. इतक्या स्वस्त गोळीने एवढं केलं.

---

बांबोळीकर

गोव्याहून. आमच्याकडे सरकारने हेच मांडून ठेवलंय. गावातल्या आरोग्य केंद्रात ईसीजी, तो थोड्या मिनिटांत तज्ज्ञांकडे, तिथेच टेनेक्टेप्लेज फुकट, आणि मग गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) बांबोळीला. सिंधुदुर्गातले कितीतरी पेशंट पिढ्यान्‌पिढ्या बांबोळीलाच येतात. तुम्ही कोल्हापूर का निवडलं?

---

चिंचेचा_कोळ

@बांबोळीकर, तिथल्या डॉक्टरांनी दोन्हीकडे फोन केले, कोल्हापूरला बेड आधी मिळाला. आणि महात्मा फुले योजनेत बसलं.

---

तळटीप_बहाद्दर

मघाच्या डेन्मार्कचं प्रायश्चित्त म्हणून आपल्याकडचा आकडा देतो. भारतातल्या वीस हजारांहून जास्त रुग्णांची नोंद ठेवलेला एक अभ्यास २००८ मध्ये आला. दुखायला लागल्यापासून हॉस्पिटलात पोचायला लागलेला मधला वेळ ३६० मिनिटं. पोचल्यापासून इंजेक्शनपर्यंत ५० मिनिटं. आपण इथे दोन दिवस त्या ५० मिनिटांत काय द्यावं यावर भांडतोय, आणि ३६० मिनिटं ओव्यात गेली.

---

खारी_बुडवून

ओव्याची बदनामी थांबवा.

---

दमयंती_डोंबिवली

बायकांचं तर अजून वेगळं. माझ्या जावेला छातीत दुखलंच नाही, जबडा आणि पाठ दुखत होती, मळमळ. सगळे म्हणाले उपवासाचं पित्त. तिने स्वतःच रिक्षा केली.

---

निवृत्त_सिस्टर

दमयंतीताई, शंभर टक्के. आणि मधुमेहवाल्यांना कधी कधी दुखतच नाही, नुसता घाम आणि दम लागतो.

---

चिंचेचा_कोळ (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. काल गावी आले. देवगडच्या दवाखान्याचा आणि १०८ चा कागद दादाने जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घडी घालून ठेवला होता, वर आमटीचा डाग. त्यावरच्या वेळा लिहिते:

पोचले ३:४६. पहिला ईसीजी ३:५२. इंजेक्शन ४:०९. दुसरा ईसीजी ५:२०, त्यावर पेनने लिहिलंय "दुखणे थांबले, रेघ निम्म्याहून खाली". निघाले ५:४०. कोल्हापूर ९:२५. पंपिंग ५० टक्के.

फिरता_दवाखाना, तुमचे प्रतिसाद दादाला मोठ्याने वाचून दाखवले. तो काही बोलला नाही. पिंपरीच्या पोपटाचा दुसरा मजला ऐकल्यावर मात्र फोन हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, "म्हणजे दीड ते साडेतीन ता माझा चुकला. पुढचा नाय." मी म्हटलं, ते बाबांचं चुकलं. रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्या.

आतेभावाला धाग्याची लिंक पाठवली आहे. दोन निळ्या खुणा दिसतायत.

---

फिरता_दवाखाना

इंजेक्शन दाराच्या आत २३ मिनिटांत. अशा ठिकाणी रात्री पावणेचारला हे करणाऱ्या डॉक्टरांना आणि सिस्टरना माझा नमस्कार सांगा. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. दात काढायचा असला तरी आधी विचारायचं.

---

निवृत्त_सिस्टर

आणि वजनाचं काय झालं ते सांगितलंच नाहीत! सत्तर की बासष्ट?

---

चिंचेचा_कोळ

कागदावर डोस ३५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सिस्टरनी बाबांचं ऐकलं. कोल्हापूरला काट्यावर भरले ६३ किलो. बाबा आल्या-गेल्याला सांगतायत, वरचा एक किलो ऑक्सिजनचा.